दान, संविभाग आणि न दिसणारा श्रमिक

एखाद्या कष्टकरी माणसाची दैन्यावस्था मोबाइलच्या पडद्यावर पाहून हजारो अनोळखी माणसे काही दिवसांत त्याच्यासाठी मोठी रक्कम उभी करतात आणि त्याच्याच रस्त्यावर, त्याच्यासारखेच जिणे जगणारी इतर माणसे मात्र आदल्या दिवशी होती तशीच राहतात, या वस्तुस्थितीतून धर्मविचारातील एक जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. दुःख दृष्टीस पडल्यावर हात पुढे करण्याने दानाचे कर्तव्य पुरे होते, की ज्या दुःखाकडे कोणाचीच दृष्टी वळत नाही त्याचाही भार दात्यावर असतो, हा तो प्रश्न होय. भारतीय परंपरेत ‘दान’ या एकाच शब्दाखाली दया, पुण्यसंचय, कर्तव्य आणि वाटणी असे भिन्न अर्थ वावरत आले आहेत आणि त्यांपैकी कोणता अर्थ समाज प्रमाण मानतो, यावर गरिबांच्या वाट्याला उपकार येतो की हक्क, हे पुष्कळ अंशी ठरते. नागपूर आणि विदर्भाच्या भूमीत या प्रश्नाचा विचार आणि त्यावरचे प्रयोग दोन्ही झालेले असल्यामुळे त्याची चर्चा येथूनच सुरू करणे उचित ठरते.

२०२१ मध्ये नागपुरात अवघ्या दहा रुपयांना तर्री-पोहे विकणाऱ्या एका वृद्ध दांपत्याची चित्रफीत ‘व्हायरल’ झाली, म्हणजे एकाकडून दहांकडे आणि दहांकडून शेकडोंकडे जात ती अल्पावधीत देशभर पसरली आणि उतारवयात घरभाड्यासाठी पहाटे उठून ठेला लावणाऱ्या त्या दोघांबद्दल सर्वत्र हळहळ व्यक्त झाली. त्याच्या आदल्या वर्षी, टाळेबंदीच्या काळात, पुण्याच्या रस्त्यावर काठ्या फिरवण्याचे कसब दाखवून घर चालवणारी एक वृद्धा ‘वॉरियर आजी’ या नावाने प्रसिद्ध झाली आणि चित्रपटसृष्टीतील नामवंत तिच्या मदतीला धावले. ऑक्टोबर २०२० मध्ये दिल्लीतील ‘बाबा का ढाबा’ या लहानशा खानावळीच्या बाबतीत हेच अधिक मोठ्या प्रमाणावर घडले. परंतु जमलेल्या पैशांच्या हिशेबावरून तक्रार पोलिसांपर्यंत गेली, त्या पैशांतून उघडलेले उपाहारगृह काही महिन्यांत बंद पडले आणि वृद्ध विक्रेता आपल्या जुन्या जागी परतला. या घटनांत मदत करणाऱ्या असंख्य सामान्य माणसांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, टाळेबंदीने देशातील बहुतेक सगळेच ठेले आणि रस्त्यावरचे सगळेच खेळ बंद पाडले असताना करुणेचा सारा ओघ मोजक्या चेहऱ्यांकडे वळला आणि सत्तरीच्या घरातल्या माणसाला पहाटे ठेला का लावावा लागतो, हा प्रश्न त्या ओघात बाजूला पडला.

मानवी मनाच्या या ठेवणीची दखल आधुनिक अभ्यासकांनीही घेतली आहे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ टॉमस शेलिंग यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले की, नाव आणि चेहरा असलेल्या एका आजारी मुलीसाठी लोक सहज पैसे पाठवतात. मात्र ज्या करामुळे रुग्णालये सुधारून कोणा अनामिकांचे प्राण वाचणार असतात, त्या कराबद्दल ते उदासीन राहतात. पुढे मानसशास्त्रात या प्रवृत्तीला ‘ओळख पटलेल्या पीडिताचा परिणाम’ अशा आशयाचे नाव मिळाले. समाजमाध्यमांनी या प्रवृत्तीत एका नव्या गोष्टीची भर घातली आहे. धर्मशास्त्रातील ‘पात्र’ या संकल्पनेचा, म्हणजे दान घेण्यास योग्य कोण याच्या विवेकाचा, निवाडा आता चित्रफितीवर होतो. जो वृद्ध आहे पण हात पसरत नाही, जो दमलेला आहे पण हसतमुख आहे, ज्याची कहाणी दोन मिनिटांत सांगून होते, तो पात्र ठरतो. सकाळी शहरातल्या एखाद्या चौकातील ठिय्यावर, म्हणजे रोजंदारीचे मजूर कामाच्या अपेक्षेने जमतात त्या ठिकाणी, उन्हे चढेपर्यंत उभा राहून काम न मिळता परतणारा मजूर, कचऱ्यातून भंगार वेचणारी बाई किंवा दारूच्या आहारी गेलेला हमाल यांच्या जगण्यात सांगण्याजोगे काही घडत नसल्याने ते या कसोटीला उतरत नाहीत. त्यांची गरज कमी नसते. ती पाहणाऱ्याला रुचेल अशा रूपात समोर येत नाही, इतकेच.

दानाच्या शुद्धाशुद्धतेचा सर्वपरिचित विचार भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात आहे. देणे हे कर्तव्य आहे एवढ्याच भावनेने, परतफेड करू न शकणाऱ्याला, योग्य स्थळी, योग्य वेळी आणि योग्य पात्री दिलेले दान तेथे सात्त्विक मानले आहे. फळावर किंवा परतफेडीवर नजर ठेवून, अथवा कष्टी मनाने दिलेले दान राजस मानले आहे. आणि घेणाऱ्याचा आदर न राखता, अवज्ञेने दिलेले दान तामस म्हटले आहे. या वर्गीकरणाचे मर्म असे की, दानाचे मोल रकमेवरून ठरत नाही, देणारा आणि घेणारा यांच्यातील संबंधावरून ठरते. दाता आपल्या देण्याचे चित्रण करून त्यावर प्रसिद्धी मिळवतो तेव्हा घेणाऱ्याला नकळत परतफेड करावी लागते, कारण त्याचे दैन्य हीच दात्याच्या कीर्तीची किंमत होते. आणि मदतीसाठी कॅमेऱ्यासमोर रडणे ज्याला भाग पडते, त्याचा आदर राखला गेला असे म्हणता येत नाही. गुप्तदानाला आपल्याकडे मोठे स्थान मिळाले, त्यामागे घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये ही जाणीव होती. तथापि गीतेचा हा विचार दात्याच्या अंतःकरणाची शुद्धी तपासतो. एका माणसाला दिलेले निर्मळ दान इतर हजारांच्या बाबतीत काय करते, हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेर राहतो.

तो प्रश्न पाली त्रिपिटकातील दीघनिकायात, म्हणजे बुद्धाच्या दीर्घ प्रवचनांच्या संग्रहात, थेट हाताळलेला आढळतो. त्यातील चक्कवत्ती-सीहनाद सुत्तात एका राजाची कथा आहे. राज्यातील निर्धनांना धन पुरवणे हे चक्रवर्ती राजाच्या कर्तव्यांपैकी एक होते. या राजाने बाकीची कर्तव्ये पाळली, पण एवढे पाळले नाही. त्यामुळे दारिद्र्य वाढले आणि दारिद्र्यातून चोरी सुरू झाली. पहिला चोर पकडून समोर आणला गेला, तेव्हा आपल्याला जगण्याचे साधन नाही असे त्याने सांगितले आणि राजाने दयेने त्याला धन दिले. दुसऱ्या चोराच्या बाबतीत तसेच झाले. चोरी करून पकडले गेलेल्याला राजा धन देतो ही वार्ता पसरली, तेव्हा चोऱ्या वाढल्या. मग राजाने दंडाचा मार्ग धरला, आणि दंडातून शस्त्रे, शस्त्रांतून हत्या, हत्येतून असत्य अशी अधोगतीची साखळी सुरू झाली. राजाने समोर आलेल्या माणसाला जे दिले ते करुणेपोटीच दिले होते. त्याचा दोष असा की, समोर न आलेल्यांना जे देणे लागत होते ते थकवून त्याने समोर आलेल्याला दान केले. त्यामुळे मदत मिळवण्यासाठी राजाच्या दृष्टीस पडणे हाच प्रजेपुढे एकमेव मार्ग उरला. आजच्या व्हायरल दानाचे इतके नेमके चित्रण अन्यत्र सापडणे कठीण आहे, कारण येथेही ज्याला नजर मिळते त्यालाच धन मिळते आणि म्हणून प्रत्येक गरजू आपले दुःख नजरेत भरेल असे मांडू लागतो.

त्याच निकायातील कूटदंत सुत्त या दोषावरचा उपायही सांगते. महाविजित नावाच्या राजाला मोठा यज्ञ करावयाचा असतो. त्याचा पुरोहित त्याला सांगतो की, राज्यात लूटमार असताना नवा कर लादणे अयोग्य आहे आणि लुटारूंना मारून लूटमार थांबणार नाही. शेती आणि पशुपालन करणाऱ्यांना बी-बियाणे व चारा, व्यापार करणाऱ्यांना भांडवल आणि सेवेत असलेल्यांना अन्न व वेतन द्यावे, म्हणजे लोक आपापल्या कामात गुंततील आणि राज्य सुखी होईल. येथे देणे व्यक्तीच्या दैन्यावर अवलंबून ठेवलेले नाही. जो ज्या व्यवसायात आहे त्याला त्या व्यवसायाचे साधन, अशी सर्वांना लागू होणारी व्यवस्था सुचवली आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लक्षावधी अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दहा पारमितांचे, म्हणजे चारित्र्य पूर्णत्वाला नेणाऱ्या दहा गुणांचे, पालन करण्याची प्रतिज्ञा आहे आणि दान ही त्यांपैकी एक पारमिता आहे. बाबासाहेबांना दानाचा कोणता अर्थ अभिप्रेत होता, हे त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या मांडणीवरून समजते. वृद्ध, रोगी आणि मृत माणूस अचानक दृष्टीस पडल्यामुळे सिद्धार्थाने गृहत्याग केला ही परंपरागत कथा त्यांनी स्वीकारली नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर या नित्याच्या गोष्टी पाहिल्याच नसतील हे त्यांना पटले नाही. त्याऐवजी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात उद्भवलेला संघर्ष त्यांनी गृहत्यागाच्या मुळाशी ठेवला. या फेरमांडणीचा अर्थ दूरगामी आहे. पाण्याची वाटणी हा समाजरचनेचा प्रश्न आहे, आणि त्याला धम्माच्या उगमाशी ठेवले की दुःखाचे मूळ व्यक्तीच्या दुर्दैवाबरोबर माणसामाणसांतील व्यवहारातही शोधावे लागते. परंपरागत कथा मान्य करणाऱ्यालाही तिच्यातील एक बारकावा विसरता येत नाही: वृद्धाला पाहिल्यावर सिद्धार्थाने सारथ्याला विचारले की, ही अवस्था याच एकाची आहे की सर्वांची? एकाला पाहून सर्वांविषयी विचारणे, हीच करुणेची प्रज्ञेकडे जाणारी पायरी आहे.

वैदिक परंपरेतही या दिशेने जाणारा एक शब्द आहे. गीतेवरील भाष्यात शंकराचार्यांनी दानाचा अर्थ यथाशक्ती ‘संविभाग’ असा सांगितला आहे. संविभाग म्हणजे आपल्याजवळचे इतरांसह नीट वाटून घेणे. वर्ध्याजवळच्या पवनारला राहणाऱ्या विनोबा भाव्यांनी हाच शब्द भूदानाचा आधार केला आणि १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे सुरू झालेल्या त्या चळवळीत भूमिहीनाला घरातला आणखी एक वारसदार समजून त्याचा हिस्सा त्याला द्या, असे आवाहन केले. दान याचा अर्थ उपकार नसून दुसऱ्याच्या वाट्याचे त्याला पोचवणे आहे, ही कल्पना इस्लाममधील जकातीतही आहे. जकात म्हणजे ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक बचत असलेल्याने दरवर्षी त्या बचतीचा चाळिसावा भाग देण्याचे बंधन होय. कुराणात श्रीमंताच्या संपत्तीत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा हक्क सांगितला आहे, आणि जो मागत नाही त्यालाही त्यात स्थान आहे, ही गोष्ट प्रस्तुत संदर्भात विशेष महत्त्वाची आहे. मात्र संविभाग केवळ दात्याच्या इच्छेवर सोपवला की काय होते, हेही भूदानानेच दाखवून दिले. पाच कोटी एकरांच्या उद्दिष्टाचा अल्प अंश मिळाला, मिळालेली पुष्कळशी जमीन पडीक किंवा वादग्रस्त निघाली आणि बरीच वाटली गेलीच नाही. वाटा हा हक्क असेल तर तो देणाऱ्याच्या मनःस्थितीवर अवलंबून राहू शकत नाही. त्याला संस्थेचा आणि कायद्याचा आधार लागतो.

नागपूरच्या कामगार इतिहासात दात्याच्या इच्छेवरचे देणे आणि कायद्याचा हक्क या दोन्ही अवस्था दिसतात. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्ये १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी आणि १८९५ मध्ये अपघाताच्या भरपाईची सोय झाली. देशभरातील कामगारांना अपघाताच्या भरपाईचा कायदेशीर हक्क मिळण्यासाठी मात्र १९२३ साल उजाडावे लागले. एका दूरदर्शी मालकाचे औदार्य एका गिरणीच्या फाटकापर्यंत पोचते आणि कायदा सर्व फाटकांच्या आत जातो, हा त्यातला फरक आहे. त्यानंतर कामठीचे बाबू हरदास एल. एन. (१९०४-१९३९) यांनी ठेकेदारांच्या हाती सापडलेल्या विडी कामगारांचा प्रश्न हाती घेतला, तेव्हा त्यांनी मदत गोळा केली नाही. कामठी, रामटेक, नागपूर आणि भंडारा येथे सहकारी तत्त्वावर विड्या वळण्याचे काम उभे केले, कामगारांची संघटना बांधली आणि १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेवर निवडून गेले. तेंदूच्या पानावर दिवसभर वाकून बसणाऱ्या बाईची चित्रफीत त्या काळी निघणे शक्य नव्हते. निघाली असती तर तिला एका दिवसाची दया मिळाली असती, संघटनेने तिला मजुरीचा दर विचारण्याचा अधिकार दिला.

महाराष्ट्राने या दिशेने टाकलेले सर्वांत मोठे पाऊल म्हणजे रोजगार हमी योजना होय. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव भागात तिचा प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळाने तिची निकड सिद्ध केली, आणि १९७७ च्या कायद्याने, जो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, ग्रामीण भागात काम मागणाऱ्याला काम देणे हे शासनाचे बंधन ठरले. २००५ च्या राष्ट्रीय कायद्याचे मूळ या योजनेत आहे. तिच्यासाठी पैसा उभा करताना १९७५ पासून व्यवसायकर बसवण्यात आला, जो आजही महाराष्ट्रातील नोकरदाराच्या पगारपत्रकात दरमहा दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे, असा वर्षाला अडीच हजारांपर्यंत कापला जातो. या कपातीने कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही, कोणाचे कौतुक होत नाही, आणि आपल्या दोनशे रुपयांतून कोणत्या पाझर तलावावर कोणाच्या हाताला काम मिळाले हे देणाऱ्याला कधी कळत नाही. गीतेने सांगितलेल्या, परतफेडीविना केलेल्या दानाच्या अधिक जवळ जाणारी गोष्ट सामान्य नोकरदाराच्या आयुष्यात क्वचितच असेल.

आता नागपूरच्या पोह्यांच्या ठेल्याकडे पुन्हा पाहिले, तर प्रश्न नेमका कोठे आहे ते दिसते. राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात वार्धक्य, आजार आणि बेकारी यांत सार्वजनिक साहाय्याची तरतूद करण्याचे मार्गदर्शक तत्त्व आहे आणि महाराष्ट्रात पासष्ट वर्षांवरील निराधारांसाठी श्रावणबाळ योजना आहे, जिच्यात २०२३ पासून दरमहा दीड हजार रुपये मिळतात. मात्र त्यासाठी दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव असणे किंवा कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असणे, ही अट दीर्घकाळ राहिली आहे. दिवसाला शंभर रुपये सुटणारा आणि वर्षातून तीनशे दिवस ठेला लावणारा वृद्ध तीस हजार मिळवतो आणि या अटीनुसार निराधार ठरत नाही. म्हणजे ज्या कष्टाळूपणामुळे समाजाच्या नजरेत तो दानाला सर्वांत पात्र ठरतो, त्याच कष्टाळूपणामुळे कायद्याच्या नजरेत तो अपात्र होतो. दुसरीकडे रोजगार हमी ग्रामीण भागापुरती असल्याने शहरातल्या ठिय्यावरच्या मजुराला तिचा आधार नाही. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा स्वतंत्र कायदा आहे; पाच वर्षांतून एकदा सर्वेक्षण, विक्रीचे प्रमाणपत्र, किमान चाळीस टक्के सदस्य फेरीवाल्यांचे प्रतिनिधी असलेली नगर पथविक्रेता समिती आणि सर्वेक्षण पुरे होईपर्यंत कोणालाही न हटवण्याचे संरक्षण त्यात दिले आहे. तरीही प्रमाणपत्र हाती नसलेल्या विक्रेत्याचे दिवस अतिक्रमणविरोधी पथकाच्या गाडीच्या धास्तीत जातात. चित्रफितीतून आलेले पैसे ही धास्ती दूर करू शकत नाहीत. ती एका कागदाने दूर होते.

या भूमिकेवर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. कायदे बदलायला वर्षे लागतात आणि भूक संध्याकाळपर्यंत थांबत नाही. शिवाय व्यवस्थेची चर्चा करणारा पुष्कळदा स्वतःच्या खिशाला हात न घालण्याचे निमित्त शोधत असतो. या आक्षेपातील सत्य मान्य केलेच पाहिजे. विदर्भाच्या मातीतले संत गाडगेबाबा यांनी आपल्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न आणि तहानेल्याला पाणी यांना आधी स्थान दिले. पण त्याच दशसूत्रीत गरीब मुलांना शिक्षण आणि बेकारांना रोजगारही आहे, आणि स्वतः झोपडीत राहणाऱ्या या माणसाने लोकांच्या पैशातून धर्मशाळा आणि शाळा उभ्या केल्या, ज्यांचा उपयोग त्यांनी कधीही न पाहिलेल्या माणसांना झाला. अन्न आणि रोजगार यांत त्यांनी विरोध मानला नाही. समोरच्याला आज देणे आणि न दिसणाऱ्यासाठी उद्याची व्यवस्था करणे ही एकाच कर्तव्याची दोन अंगे आहेत. पहिल्याने दुसऱ्याची जागा घेतली की दानच अन्यायाला आसरा देते, आणि दुसऱ्याने पहिल्याची जागा घेतली की न्यायाची भाषा निष्ठुर होते.

म्हणून व्हायरल झालेल्या श्रमिकाकडे अपवाद म्हणून न पाहता साक्षीदार म्हणून पाहिले पाहिजे. तो जी साक्ष देतो ती त्याच्यासारख्या सर्वांच्या वतीने असते, आणि साक्षीदाराला बक्षीस देऊन खटला बंद करणे हा न्याय नव्हे. दानाची खरी कसोटी एवढीच की, ज्या आधारासाठी आज एका माणसाला आपले दुःख लोकांपुढे मांडावे लागले, तो आधार त्याच्यानंतरच्या माणसाला ते न मांडता मिळेल का. वृद्धाच्या ठेल्यावर दहा रुपयांचे पोहे खाऊन शंभर रुपये देणाऱ्याने ते जरूर द्यावेत; पण देताना त्याच्याकडे विक्रीचे प्रमाणपत्र आहे का, त्याला निवृत्तिवेतन मिळते का, हेही विचारावे, त्याचा अर्ज भरून द्यावा, एकवीस हजारांची मर्यादा वाढावी म्हणून आपल्या नगरसेवकाकडे आणि आमदाराकडे लेखी मागणी करावी, आणि मग शेजारच्या, कोणीच चित्रित न केलेल्या ठेल्यापाशी जाऊन हेच प्रश्न पुन्हा विचारावेत.